ॲम्प्लिफायर रात्रंदिवस चालू ठेवावा का?

‘गरम झालेला ॲम्प्लिफायर चांगला वाजतो’ म्हणून अनेक जण तो बंदच करत नाहीत. पण गाणी थांबली तरी वीज जळतच असते. जुन्या पद्धतीचा, एबी वर्गाचा ॲम्प्लिफायर नुसता चालू राहून ४० वॅट घेत असेल, तर महिन्याला सुमारे २९ युनिट होतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात वीज महावितरणची. १०० युनिटांपुढे घरगुती दर वाढतो. शिवाय सततच्या उष्णतेने आतील कपॅसिटर लवकर निकामी होतात. पावसाळ्यात वीज जाऊन परत येताना दाब उसळला, तर चालू यंत्राला धोका अधिक. म्हणून ऐकून झाल्यावर भिंतीवरचे बटण बंद करा. विजा कडाडत असतील तर प्लगही काढा. ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर पुन्हा गरम व्हायला साधारण अर्धा तास पुरतो.