गव्हाणीतला नाताळ

नाताळ हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला. त्याचा साधा अर्थ जन्म. शब्द बाहेरचा असला तरी ती जन्माची गोष्ट आपल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला परकी वाटू नये. मराठी बायबलात बाळ येशूला जिथे निजवले, त्या जागेचे नाव आहे गव्हाण. हा शब्द थेट आपल्या गोठ्यातला आहे.

शेतकऱ्याच्या घरची खुशाली गव्हाणीवरून कळते. ती भरलेली असली की समजावे, बरे चालले आहे. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली आपल्या जिल्ह्यात दुष्काळाने जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. दावणीची जनावरे छावणीत गेली, त्यांच्यामागे घरातले एक माणूस तिकडेच राहायला गेले आणि गोठ्यात राहिल्या रिकाम्या गव्हाणी. ज्याने ते पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

माणसाची उमेद जिथे संपते तिथे देव येऊन निजतो, असे ख्रिस्ती माणूस नाताळात म्हणतो. त्याची आशा ती ही. यंदा पाऊस बरा होईल, भाव बरा मिळेल, हा अंदाज झाला. तो खरा ठरेल किंवा खोटा. ही आशा अंदाजावर उभी नाही.

भेटकार्डांवर बर्फ पडतो, चांदणी चमकते, सगळे कसे गोजिरवाणे दिसते. मूळ गोष्ट मात्र कठीण दिवसांची आहे. लूकच्या शुभवर्तमानात रोमन बादशहाचा खानेसुमारीचा हुकूम निघतो आणि दिवस भरलेल्या मरियेला नासरेथहून बेथलेहेमची वाट धरावी लागते. उतारशाळेत जागा नसते. मत्तयाने पुढचे सांगितले आहे. हेरोद राजा तान्ह्या लेकरांच्या जिवावर उठतो आणि हे कुटुंब रातोरात मिसर देशाला पळते. दिवाळी झाली की पाथर्डी, शेवगावकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. फडाजवळ कोपी घालतात. त्यांतली एखादी गरोदर बाई पहाटेच्या थंडीत डोक्यावर मोळी घेऊन चालते. बेथलेहेमची वाट कशी होती हे तिला विचारावे, ती आपल्यापेक्षा बरे सांगेल.

मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान. येशूला आम्ही हजरत ईसा म्हणतो, पैगंबर मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. हे अंतर आहे, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पण कुराणात मरियमच्या नावाची एक सूरा आहे. तिथे गोठा नाही, खजुराचे झाड आहे. एकटी मरियम कळा सोसत त्याच्या बुंध्याशी येते आणि म्हणते, याआधीच मी मेले असते तर बरे झाले असते. तेव्हा तिला आवाज ऐकू येतो, दुःख करू नकोस, तुझ्या पायाशी झरा आहे. बुंधा हलव, ताजा खजूर पडेल. मला यातला बुंधा हलवण्याचा भाग फार मोलाचा वाटतो. फळ आपोआप पडले असते तरी चालले असते. पण कळा देणाऱ्या बाईलाच झाड हलवायला सांगितले. धीर देणाऱ्याने तिच्या हाताला काम दिले.

असे काम हाती घेतलेली एक बाई आपल्याच नगरात होऊन गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळक शाळेच्या पुस्तकामुळे फुलामुलांचे कवी म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराचे दोन तुकडे झाले. मूल लहान, नातलग संतापलेले, नवरा दुसऱ्या धर्मात. काही वर्षांनी त्या टिळकांकडे नगरला आल्या आणि १९०० साली, आपल्या मनाला पटल्यावर, त्यांनीही तो धर्म घेतला. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. आईबाप गेलेली मुले मिशनच्या आसऱ्याला येत होती. प्लेगच्या नावाने माणसे सख्ख्या माणसालाही शिवत नव्हती, तेव्हा लक्ष्मीबाई छावणीत जाऊन रोग्यांची शुश्रूषा करत राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त हे सारे त्यांनी इतके हसतखेळत सांगितले आहे, की वाचणाऱ्याला त्यामागचे भय उशिरा जाणवते. १९१९ साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे होते. लिहिण्यावाचण्याचे रीतसर शिक्षण न झालेल्या या बाईने ते पुरे केले.

शांतीचेही असेच आहे. देवदूतांनी पृथ्वीवर शांतीचा निरोप सांगितला तो राजवाड्यात नव्हे, रानात रात्र काढणाऱ्या मेंढपाळांना. डिसेंबरात माळावर वाडा लावून शेकोटीशी बसलेले धनगर आपण पाहतो, तशीच ती माणसे. निरोप ऐकल्यावर त्यांची गरिबी गेली नाही, रोमन राज्यही गेले नाही. बाळाला पाहून ती आपल्या मेंढरांकडे परतली, पण जाताना देवाचे गुण गात गेली. आमच्या सलाम या शब्दाचा अर्थही शांतीच. रोज भेटेल त्याला आम्ही ती देतो, दिवस कसलेही असोत.

२०२० सालच्या नाताळात करोनामुळे चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी होती. बाकीच्यांनी घरीच प्रार्थना केली. कितीतरी घरांत त्या वर्षी एक माणूस कमी होते. आपल्याकडे ज्या घरात वर्षभरात कुणी गेले, तिथे सणाला कढई चढत नाही. शेजारी फराळाचे ताट नेऊन देतात. करंज्या, चकल्या, शंकरपाळे नगरच्या ख्रिस्ती घरांतही नाताळला होतात. यंदा आपल्या गल्लीत असे एखादे घर असेल, तर पंचवीस तारखेला सकाळीच ताट घेऊन जावे. ताटावर रुमाल झाकावा, आत बसावे आणि गेलेल्या माणसाबद्दल विचारावे. घरचे बोलू लागले की ऐकत राहावे, उठण्याची घाई करू नये.