मेथाडोनची खिडकी

मेथाडोन देणारं केंद्र बाहेरून पाहिलं तर त्यात पाहण्यासारखं काही नसतं. एक खोली, खोलीला खिडकी, खिडकीपलीकडे परिचारिका आणि कुलपात ठेवलेली औषधाची बाटली. अलीकडे रांग. नंबर आला की माणूस कार्ड पुढे करतो. परिचारिका आधी कार्ड बघते आणि मग माणसाला बघते. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात का, जीभ जड पडतेय का, तोंडाला दारूचा वास येतोय का. शंका आली तर डोस थांबतो आणि डॉक्टरांना बोलावलं जातं. सगळं ठीक असेल तर मापून काढलेलं पातळ औषध छोट्या कपातून मिळतं. माणूस ते तिच्यासमोर पितो, वर पाणी पितो आणि तिच्याशी दोन शब्द बोलतो. तोंडात औषध धरून ठेवलं असेल तर बोलता येत नाही, म्हणून हे बोलणं. मग रजिस्टरवर सही, आणि पुढचा नंबर.

दोन-तीन मिनिटांचा हा कारभार आहे. पण हेरॉइन, ब्राउन शुगर, अफू या जातीच्या व्यसनांत सापडलेल्या माणसांना जिवंत ठेवण्याच्या कामी या कपाइतका खात्रीचा उपाय वैद्यकशास्त्राकडे फारसा नाही. तरी आपल्याकडे व्यसनमुक्तीचा विषय निघाला की मेथाडोनचं नाव निघत नाही, आणि निघालंच तर लगेच कुणीतरी विचारतं, ‘म्हणजे एक नशा सोडवून दुसरी लावायची ना?’ प्रश्न प्रामाणिक असतो. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणीतरी बुडालेलं असतं. म्हणून त्याला सरळ आणि सविस्तर उत्तर मिळायला हवं.

औषध जुनं आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत आय. जी. फार्बेन कंपनीच्या ह्योख्स्टमधल्या प्रयोगशाळेत माक्स बोकम्युल आणि गुस्टाव एर्हार्ट हे रसायनतज्ज्ञ वेदनाशामकांवर काम करत होते, तिथे ते तयार झालं. अफूच्या झाडाशी त्याचा संबंध नाही. ते पूर्णपणे प्रयोगशाळेतलं आहे. महायुद्धानंतर ते अमेरिकेत पोहोचलं आणि वेदनाशामक म्हणून, तसंच हेरॉइन सोडवताना आठ-दहा दिवसांत उतरत्या मात्रेत द्यायचं औषध म्हणून वापरात आलं. त्याची खरी ओळख मात्र १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये पटली.

त्या काळात अमेरिकेत हेरॉइनच्या रुग्णाला अफूच्या गटातलं औषध चालू ठेवणारा डॉक्टर स्वतःच गुन्हेगार ठरू शकत होता. १९१४ चा हॅरिसन कायदा आणि त्यावरचे न्यायालयीन निर्णय यांमुळे कित्येक डॉक्टरांवर खटले झाले, काही तुरुंगात गेले. उरलेल्यांनी या रुग्णांकडे पाठ फिरवली. रॉकफेलर संस्थेतले डॉ. व्हिन्सेंट डोल हे लठ्ठपणा आणि चयापचय यांचे अभ्यासक. व्यसनाच्या क्षेत्राशी त्यांचा संबंध नव्हता, आणि मला वाटतं तेच उपयोगी पडलं. वजन घटवलेली माणसं पुन्हा का फुगतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यात त्यांना मनाचा कमकुवतपणा दिसला नव्हता, शरीराची ओढ दिसली होती. त्याच सुमाराला डॉ. मेरी निस्वांडर यांचं १९५६ चं ‘द ड्रग अ‍ॅडिक्ट अ‍ॅज अ पेशंट’ हे पुस्तक त्यांच्या वाचनात आलं. निस्वांडर मनोविकारतज्ज्ञ. केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी काम केलं होतं. तिथून बरी होऊन गेलेली माणसं पुन्हा सुईकडे जाताना त्यांनी पाहिली होती. डोल यांनी त्यांना बोलावून घेतलं. पुढे दोघांनी लग्नही केलं. तरुण डॉक्टर मेरी जीन क्रीक यांनाही त्यांनी सोबत घेतलं.

सुरुवातीला त्यांनी दोन जुन्या रुग्णांना रुग्णालयात ठेवून मॉर्फीन देऊन पाहिलं. तीन आठवड्यांत मागणी दिवसाला आठ इंजेक्शनांवर गेली. इंजेक्शन घेतलं की ते दोघे सुस्त पडून राहत, आणि असर उतरला की पुढच्याची वाट बघत. मात्रा इतकी चढली होती की आता उतरवायची तर सावकाश उतरवायला हवी, म्हणून दोघांना मेथाडोनवर आणलं. शरीराला सवय झालेली असल्यानं त्याचीही मात्रा मोठीच ठेवावी लागली. ती काही दिवस तशीच राहिली आणि या दिवसांत डॉक्टरांना अपेक्षित नसलेलं काहीतरी घडलं. एकानं रंग मागवले आणि चित्रं काढायला लागला. दुसऱ्यानं शाळेचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करू द्या म्हणून तगादा लावला. त्यांना नशा चढलेली नव्हती, अंगही दुखत नव्हतं. कित्येक वर्षांनी त्यांच्या डोक्यात पुढच्या इंजेक्शनाऐवजी दुसरं काही आलं होतं.

१९६५ साली डोल आणि निस्वांडर यांनी २२ रुग्णांवरचा अहवाल अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापला. आजही जगभरच्या मेथाडोन केंद्रांचा पाया तोच आहे.

इथे थोडं शरीरात डोकावावं लागेल, कारण ‘दुसरी नशा’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. मुंबईच्या गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, अड्ड्यावर माल उतरल्यावर होणाऱ्या त्रासाला ‘टर्की’ म्हणतात. टर्की लागली की नाक-डोळे वाहतात, पोटात पीळ पडतो, हाडं दुखतात, अंगावर काटा येतो, झोप उडते. हेरॉइनचा असर काही तासांचा असतो, त्यामुळे दिवसातून तीन-चारदा टर्कीची चाहूल लागते. गर्दुल्ल्याचा सगळा दिवस तिच्या पुढे पळण्यात जातो: पैसे मिळव, माल मिळव, पन्नीवर ओढ किंवा सुई मार, पुन्हा पैसे मिळव. पहिल्या काही महिन्यांनंतर यात मजा उरत नाही. चोरी, खोटं बोलणं, घरातली भांडी विकणं हे सगळं या धावपळीतून येतं.

मेथाडोन मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसतं जिथे हेरॉइन बसतं, पण हळू बसतं आणि हळू उठतं. पोटातून जात असल्यानं एकदम झटका येत नाही. रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण २४ ते ३६ तास लागतात, त्यामुळे रोजच्या एका डोसवर पातळी जवळजवळ सपाट राहते. ना चढ, ना टर्की. मात्रा पुरेशी असेल (बहुतेकांना दिवसाला ८० ते १२० मिलिग्रॅम लागतात) तर वर हेरॉइन घेतलं तरी त्याची गंमत फारशी लागत नाही. शरीर औषधावर अवलंबून राहतं, हे खरंच आहे आणि लपवायचं कारण नाही. पण व्यसन म्हणजे नुसतं अवलंबून राहणं नव्हे. स्वतःचं आणि घरच्यांचं नुकसान डोळ्यांसमोर होत असताना हात थांबत नाही, ते व्यसन. मधुमेहाच्या रुग्णाला इन्शुलिन लागतं तसं काहींना हे लागतं, अशी तुलना डोल यांच्या विचारातूनच पुढे आली. मला ती पटते.

पटवून घ्यायला आकडेही आहेत. हाँगकाँगमध्ये रॉबर्ट न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १०० हेरॉइन-रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला मेथाडोन दिलं. दुसऱ्या गटाचं मेथाडोन हळूहळू कमी करत शेवटी नुसतं बिनऔषधाचं पातळ दिलं. कपात काय आहे ते रुग्णांना माहीत नव्हतं. समुपदेशन दोघांनाही सारखंच होतं. ३२ आठवड्यांनंतर मेथाडोनच्या गटातले ७६ टक्के उपचारात टिकून होते, दुसऱ्या गटातले १० टक्के. तीन वर्षांनी पहिल्या गटात ५६ टक्के होते, दुसऱ्यात एक माणूस. हे १९७९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं. समुपदेशनाला, प्रार्थनेला, निश्चयाला माझा विरोध नाही. पण दोन्ही गटांत ते सारखं असताना एवढा फरक कपातल्या औषधानं पडला, ही गोष्ट बाजूला सारता येत नाही. हाँगकाँगनं ती सारली नाही. तिथे सरकारी दवाखाने उघडले गेले आणि डोसची फी ठेवली एक हाँगकाँग डॉलर. सुया वाटून वापरणं कमी झालं की एचआयव्ही पसरत नाही, हेही तिथे दिसलं.

मरणाचे आकडे याहून बोलके आहेत. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नं १९ अभ्यासांतल्या सव्वा लाखाच्या आसपास रुग्णांची माहिती एकत्र छापली. मेथाडोन चालू असताना दरवर्षी हजारी ११ च्या आसपास माणसं दगावत होती. ते सुटल्यावर ३६. उपचार सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यांत वाईट, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस जुन्याच मात्रेत माल घेतो. ‘सहा महिने झाले, आता बंद करा’ असं घाई करणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा दाखवावा. २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मेथाडोन आणि ब्यूप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली.

मराठी वाचकाला व्यसनमुक्ती म्हटलं की मुक्तांगण आठवतं, आणि ते योग्यच आहे. १९८०च्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात शिरली, अनिल अवचटांनी ‘गर्द’ लिहिलं, आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं पुण्यात हे केंद्र सुरू केलं. महाराष्ट्र व्यसनी माणसाला ‘पेशंट’ म्हणायला शिकला तो तिथून. तिथली वाट पूर्ण मुक्ततेची: काही आठवडे निवास, गटचर्चा, मग पाठपुरावा. हजारो घरं तिनं सावरली. पण अफूच्या गटात अशी बरीच माणसं असतात ज्यांची पुन्हा पुन्हा ‘स्लिप’ होते, म्हणजे ती परत नशेकडे वळतात. पाचव्या, सातव्या वेळी दाखल होणाऱ्याला आणखी एक शपथ घ्यायला लावण्यापेक्षा दुसरा दरवाजा उघडा असावा. दोन वाटा एकमेकींच्या शत्रू नाहीत. मुंबईत केईएम रुग्णालयात मेथाडोनचा प्रायोगिक उपचार सुरू झाला, तेव्हा असा दरवाजा महाराष्ट्रातही किलकिला झाला. दिल्लीची एम्स, मणिपूरमधलं इंफाळ आणि पंजाबातलं कपूरथळा इथेही त्याच काळात काम सुरू झालं.

आपल्या देशात मेथाडोनपेक्षा ब्यूप्रेनॉर्फिन जास्त चालतं. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या केंद्रांत परिचारिका गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवते आणि तो विरघळेपर्यंत माणूस तिच्यासमोर बसून राहतो, गप्प, गिळायचं नाही. हे औषध अतिमात्रेच्या बाबतीत जास्त सुरक्षित आहे, कारण त्याचा असर एका पातळीनंतर वाढत नाही. मेथाडोनला तशी आतून मर्यादा नाही. ते शरीरात दिवसागणिक साचतं, म्हणून पहिले दोन आठवडे धोक्याचे. पहिल्या दिवशी मात्रा कमीच ठेवतात आणि सावकाश चढवतात. अधीर रुग्णाला हे समजावणं परिचारिकेचं रोजचं काम. काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, म्हणून ईसीजी. बद्धकोष्ठता आणि घाम हे कायमचे सोबती. आणि आपल्याकडची खास अडचण क्षयरोगाची. रिफाम्पिसिन यकृताला मेथाडोन भराभर संपवायला लावतं. कालपर्यंत ठीक असलेल्या माणसाला टीबीचा कोर्स सुरू होताच टर्की लागते, तो पुन्हा अड्ड्यावर जातो आणि सगळे म्हणतात, ‘बघा, सुधारलाच नाही.’ टीबीच्या डॉक्टरनं मेथाडोनच्या डॉक्टरला एक फोन केला असता तर मात्रा वाढवून हे टळलं असतं.

खिडकीचा जाच रुग्णाला मात्र सोसावा लागतो. रोज यायचं, रविवारीही. नाक्यावरच्या मजुराला सकाळी दोन तास गेले की काम जातं. मुंबईच्या माणसाला गणपतीला कोकणात जायचं तर पाच दिवसांचं औषध मिळेल का, हा प्रश्न. बाटली घरी दिली तर ती विकली जाईल, लहान मूल पिईल, ही भीती खोटी नाही. मेथाडोनचा एक घोट मुलाचा जीव घेऊ शकतो. अमेरिकेतही नियम असेच कडक होते. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे स्थिर रुग्णांना २८ दिवसांपर्यंतचं औषध घरी द्यायला परवानगी मिळाली, आणि २०२४ मध्ये ती सवलत कायम झाली. आपल्याकडेही वर्षभर नीट येणाऱ्या माणसाला कुलपाच्या डब्यात आठवड्याचं औषध द्यायला हरकत नसावी.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार अफूजन्य पदार्थांमुळे उपचाराची गरज असलेले लोक देशात सुमारे ७७ लाख आहेत. सुई वापरणारे साडेआठ लाखांच्या घरात. एड्स नियंत्रणाची केंद्रं मुख्यतः या सुईवाल्यांसाठी उभी राहिली, कारण पैसा एचआयव्हीच्या खात्यातून आला. मुंबईत पन्नीवर गर्द ओढणाऱ्याला सुईचा धोका नाही म्हणून तो त्या दारात बसत नाही. औषध तेच, परिचारिका तीच, कुलूपही तेच. जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाला हे औषध ठेवण्याची परवानगी आणि एक प्रशिक्षित परिचारिका मिळाली, तर नागपूरच्या किंवा नाशिकच्या पेशंटला मुंबई गाठावी लागणार नाही. अमली पदार्थांच्या कायद्याची अडचण २०१४ च्या दुरुस्तीनं पुष्कळ सैल केली आहे. मेथाडोन आता अत्यावश्यक अमली औषधांच्या यादीत आहे. उरलंय ते आरोग्य खात्यानं मागणीपत्र भरण्याचं काम.