गर्दी झाली की खेळ का अडखळतो?

गर्दी वाढली की ‘लुआंटी’ या मुक्तस्रोत खेळात (2024 पर्यंतचे ‘माइनटेस्ट’) ठोकळा फुटलेला दिसतो, पण हाती पडायला वेळ लागतो. फुटल्याचे चित्र आपला संगणक लगेच दाखवतो. ठोकळा द्यायचा की नाही, हे सर्व्हर ठरवतो. एरवी साधारण दर 0.09 सेकंदाला तो साऱ्या जगाचा हिशेब करतो. हिशेब लांबला की सगळेच ताटकळतात.

मग वर्गणी काढून जास्त कोअरचा सर्व्हर घ्यावा? चार चुली पेटवल्या, तरी पोळ्या लाटणारे हात दोनच! खेळाचे बहुतेक नियम एकाच कोअरवर, एकामागून एक चालतात. त्यामुळे मोजकेच, पण वेगवान कोअर घ्यावेत. त्याआधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, असे मी आग्रहाने सांगेन. नकाशा मागवताना होणारा खोळंबा तिथेच कमी होतो.