‘मले’ वाचलं तर चूक धरायची का?

छापलेलं वाक्य आहे, ‘मला आईने शेतात नेले.’ अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातलं दुसरीचं एखादं पोरगं त्याखालून बोट फिरवत वाचतं, ‘मले मायनं वावरात नेलं.’ चार शब्द बदलले, अर्थ मात्र जागच्या जागी. मग या पोराला वाचता येतं म्हणायचं की नाही?

‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन हेच तपासते. मुलापुढे आधी पहिलीच्या पातळीचा परिच्छेद ठेवतात. जमला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट. नाही जमला तर सुटे शब्द, तेही नाही तर अक्षरं. परिच्छेदात तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की मूल खालच्या पायरीवर. मोजणारा काटेकोर असला, तर आपल्या पोराची गत पहिल्याच वाक्यात ठरली! ‘असर’च्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतल्या फक्त २७.१ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. आकडा काळजीचाच आहे. म्हणून तर चूक कशाला म्हणायचं, हे आधी ठरायला हवं.

अमेरिकेतले वाचनतज्ज्ञ केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या अशा ‘चुका’च अभ्यासाला घेतल्या. छापील शब्दाच्या जागी मूल आपल्या बोलीतला शब्द वाचतं, तेव्हा त्याला अर्थ कळलेला असतो, असं त्यांनी दाखवलं. कळल्याशिवाय ‘शेता’चं ‘वावर’ होईल कसं? ‘शेतात’च्या जागी ‘शेवटी’ वाचलं, तर गोष्ट वेगळी. ती खरी चूक.

उलट तऱ्हेची मुलंही वर्गात असतात. घडाघडा वाचतात, एक अक्षर चुकत नाही, आणि कोण कुठे गेलं विचारलं की गप्प. केंद्राच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं लक्ष्य आहे. शब्द घड्याळावर मोजता येतात. ‘समजून’ मोजायला मुलाशी बोलत बसावं लागतं, आणि घाई असली की नेमकं तेच राहून जातं.

प्रमाण मराठी शिकवूच नये, असं कोणी म्हणत नाही. पुढे ‘बाष्पीभवन’ आणि ‘कारणे द्या’ तिच्यातच यायचे आहेत. पण अभ्यासाची भाषा मुरायला वेळ लागतो. कॅनडातले भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये रोजच्या बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. परक्या भाषेत आलेली मुलं दोनेक वर्षांत बोलू लागतात. अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं जातात, असं त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. आपल्या पोराच्या वऱ्हाडी बोलीपासून प्रमाण मराठी तेवढी दूर नाही. तरी दुसरीतच तिचा हिशेब मागणं अन्यायाचं आहे.

गुरुजींनी, बाईंनी चाचणीच्या कागदावर दोन रकाने करावेत : एक अर्थ बिघडवणाऱ्या चुकांचा, दुसरा बोलीतल्या बदलांचा. पातळी ठरवायची ती पहिल्यावरून. आणि रिद्धपूरला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. वऱ्हाडी मुलांसाठी वाचनचाचणीचे उतारे आणि चुका मोजण्याचे नियम त्याने तयार करून द्यावेत.