माकडहाड काय सांगते?

पाठीच्या कण्याच्या शेवटच्या टोकाला आपण माकडहाड म्हणतो. विज्ञान सांगते, हा आपल्या पूर्वजांच्या शेपटीचा अवशेष. अमेरिकेतील ईश्वरनिर्मितीवाद्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, ओटीपोटातील अवयव तोलून धरणारे स्नायू या हाडाला जोडलेले असतात. हाड उपयोगी आहे, तेव्हा ते निर्मात्याने मुद्दाम घडविले.

स्नायूंची गोष्ट खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. अवशेष म्हणजे निरुपयोगी वस्तू नव्हे. जुन्या लुगड्याची गोधडी ऊब देते, म्हणून ते लुगडे नव्हतेच असे कोण म्हणेल? जुना अवयव नव्या कामाला लागतो, हे डार्विनने १८५९ सालीच लिहिले. आईच्या पोटातील गर्भाला सुमारे पाचव्या आठवड्यात शेपटी असते. आठव्या आठवड्यापर्यंत ती नाहीशी होते. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही. दोघांचे पूर्वज एक.

हा वाद शाळेपर्यंत पोहोचतो. उत्क्रांती शिकविली म्हणून १९२५ साली टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला १०० डॉलर दंड ठोठावला गेला. उत्क्रांतीसोबत निर्मितीवादही शिकवा, अशी सक्ती करणारा लुइझियानाचा कायदा १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. आपल्याकडे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला.

मातापित्यांनो, पुस्तकातले पान गेले तरी हाड जागेवरच आहे. मुलाने विचारले, तर त्याला गप्प करू नका. पुरावा दाखवा आणि विचार करू द्या.