पाऊस गेल्यावर पाणी पिणारी पिकं

पौषात अक्कलकोटहून आळंदकडे निघालं की दोन्ही हातांना काळी रानं लागतात. पावसाळा सरून तीन महिने झालेले, कित्येक रानांत विहीर नाही की पाट नाही; तरी ज्वारीच्या कणसात दाणा भरत असतो. हे पाणी येतं कुठून?

कुठूनच येत नाही. ते सप्टेंबरपासून जमिनीतच असतं.

बसाल्ट झिजून झालेल्या या मातीतले चिकणकण इतके बारीक आणि चपटे, की एका ग्रॅममधल्या कणांच्या पृष्ठभागाची बेरीज काहीशे चौरस मीटर भरते. त्या पृष्ठभागाला पाणी पातळ थर होऊन बिलगतं. मीटरभर खोल काळ्या रानात पिकाला घेता येईल असं साधारण दीडशे ते दोनशे मिलीमीटर पाणी मावतं.

ते आत शिरतं मात्र विचित्र वाटेनं. उन्हाळ्यात माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा जोरदार पाऊस त्यांतून थेट खोल उतरतो; वरची ढेकळं अजून कोरडी असताना रान खालून भिजू लागतं. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि तासाला मिलीमीटरभर पाणीही मुरेनासं होतं. उरलेलं ओढ्यांनी अमरजेला मिळतं आणि गाणगापूरच्या संगमावर भीमेत जातं. पाणी रानातच तुंबलं तर मुळांना हवा मिळत नाही, भर पावसात तूर पिवळी पडते. म्हणून शेतकरी वाफशाची वाट बघतो: मातीत पाणीही हवं आणि हवाही.

खरी गंमत पाऊस गेल्यावर. रोपाला पंप नसतो. पानांतून वाफ उडते, तिच्या ओढीनं पाण्याची अखंड तार मुळापासून वर खेचली जाते. माती वाळेल तशी ती उरलेलं पाणी अधिक घट्ट धरते. ही पकड हवेच्या दाबाच्या सुमारे पंधरापट झाली की बहुतेक पिकं हार मानतात. तेव्हाही भारी काळ्या मातीत शंभर ग्रॅममागे वीसेक ग्रॅम पाणी असतं. तेवढ्या पाण्यात वाळू चिंब होईल. इथं ज्वारी सुकते! वाळल्या दिवसांतल्या हलक्या सरीनं मुरमाड माळ हिरवा होतो आणि शेजारचं काळं रान कोरडंच राहतं, ते याच कारणानं. ती सर मातीच स्वतःसाठी ठेवून घेते.

तूर यातून वाट काढते ती दीड-दोन मीटर खोल जाणाऱ्या मुळांनी. कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही खोल काळी मातीही आहे. ज्वारीला मदत करतं कोळपं. त्यानं भेगा बुजतात, तण निघतं आणि वर भुसभुशीत कोरडा थर राहतो. खालची ओल त्यातून सहज उडत नाही.

तेव्हा यंदा पाऊस किती झाला हे विचाराल, तेव्हा खाली माती किती हात आहे तेही विचारा. कोरडवाहू रानाचं पीक या दोन्ही उत्तरांवर ठरतं.