पाळीव बेडूक : नव्या घरातील पहिले काही आठवडे

ऑस्ट्रेलियातील हिरवा वृक्षबेडूक हा मायदेशाप्रमाणेच ब्रिटन आणि अमेरिकेतही अनेक वर्षांपासून घरात पाळला जातो. शांत स्वभाव, सुमारे 10 सेंटीमीटरपर्यंतची लांबी आणि योग्य निगा राखल्यास 16 वर्षे वा त्याहून अधिक आयुष्य यांमुळे तो लोकप्रिय ठरला. मात्र नव्या घरातील पहिले काही आठवडे त्याच्यासाठी सर्वाधिक ताणाचे असतात. या काळात त्याला कौतुकापेक्षा स्वस्थता अधिक आवश्यक असते.

त्वचा हेच मर्म

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ते पोटाखालच्या व मांड्यांजवळच्या त्वचेतून शोषून घेतो. श्वसनाचे कामही काही अंशी त्वचाच करते. त्यामुळे माणसाच्या हातावरील साबण, मलम वा क्षार थेट त्याच्या शरीरात जाऊ शकतात. म्हणून त्याला शक्यतो हाताळू नये. हाताळणे अपरिहार्य असल्यास स्वच्छ, ओलसर हातमोजे वापरावेत आणि नंतर हात धुवावेत, कारण बेडकांकडून माणसाला साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

पूर्वतयारी

बेडूक आणण्यापूर्वीच काचेची पेटी सज्ज असावी. हा प्राणी चढणारा असल्याने पेटी उंच, हवेशीर व घट्ट झाकणाची असावी. आत फांद्या आणि लपण्यास पाने असावीत. दिवसा सुमारे 24 ते 29 अंश सेल्सियस आणि रात्री थोडे कमी तापमान त्याला मानवते. पेटीची एक बाजू उबदार व दुसरी थंड ठेवल्यास तो आपली जागा स्वतः निवडतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरिन त्याला घातक असते. उघड्या भांड्यात पाणी ठेवल्यास क्लोरिन उडून जाते, परंतु काही शहरांत वापरले जाणारे क्लोरामाइन तसे जात नाही. त्यासाठी पाणी शुद्ध करणारे औषध वापरावे लागते. क्षार नसलेले ऊर्ध्वपातित पाणीही योग्य नव्हे.

आगमनानंतर

प्रवासाची डबी पेटीत उघडून ठेवावी आणि बेडकाला आपणहून बाहेर येऊ द्यावे. प्रकाश मंद असावा, आसपास गोंगाट नसावा. सुरुवातीचे काही दिवस त्याने अन्न नाकारणे किंवा त्याचा हिरवा रंग तपकिरी होणे हे नेहमीच आजाराचे लक्षण नसते. तो निशाचर असल्याने खाद्य सायंकाळी द्यावे. रातकिडे त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसावेत आणि त्यांवर कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाची पूड लावावी. अन्यथा हाडे ठिसूळ होतात. न खाल्लेले रातकिडे काढून टाकावेत, कारण ते बेडकालाच चावतात.

सतत सुस्ती, पोट वा पाय लालसर होणे, वारंवार कात टाकणे, उलटा पडल्यास सरळ होता न येणे ही लक्षणे दिसताच पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

विलगीकरण का?

घरात इतर बेडूक असल्यास नवागताला किमान 30 दिवस, शक्यतो अधिक काळ, वेगळे ठेवावे. त्याची भांडीही स्वतंत्र असावीत. काइट्रिड ही बुरशी बेडकाच्या त्वचेवर वाढते, शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडवते आणि अखेर हृदय बंद पाडते. 1999 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या या बुरशीमुळे जगभरात 501 उभयचर प्रजातींची घट झाली आणि त्यांपैकी 90 नामशेष झाल्याचे मानले जाते, असे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. उभयचरांच्या जागतिक व्यापारामुळे तिच्या प्रसाराला हातभार लागला. म्हणूनच पेटीतील पाणी निर्जंतुक केल्याविना ओढ्यात वा तळ्यात ओतू नये आणि नकोसा झालेला बेडूक निसर्गात कधीही सोडू नये.

रानातील बेडूक पकडून पाळणे हाही पर्याय नव्हे. न्यू साउथ वेल्समध्ये देशी बेडूक पाळण्यासाठी परवाना आवश्यक असून रानातून बेडूक पकडून आणण्यास मनाई आहे. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात दिसणारे, कीटक खाणारे बेडूकही तेथेच राहणे हिताचे.

नवा बेडूक दिवसभर पानाआड निश्चल बसलेला दिसल्यास चिंतेचे कारण नसते. अंधार पडल्यावर तो आपणहून बाहेर येऊन भक्ष्यावर झेपावू लागला, की नवे घर त्याने स्वीकारले असे समजावे.